फिल्टर कोणता लावायचा? – अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांची गोष्ट



गेल्या वर्षी आमच्या शाळेला लोकवर्गणीतून एक कॅमेरा मिळाला. गावात वर्गणी मागायला मीच फिरले होते, त्यामुळे कॅमेरा सांभाळायची जबाबदारीही माझ्याच गळ्यात पडली. कॅमेरा घेताना दुकानदाराने सांगितलं की लेन्सवर एक काचेचा फिल्टर बसवून घ्या, म्हणजे ओरखडा पडला तरी फिल्टरवर पडेल, लेन्स वाचेल. पटण्यासारखंच होतं. शिवाय फिल्टर अगदी स्वस्त होता. लगेच बसवून घेतला आणि विसरून गेले.

पुढे जानेवारीत स्नेहसंमेलन झालं. दुसरीतली एक मुलगी सावित्रीबाई झाली होती. तिचा आवाज, तिचं उभं राहणं, सगळं इतकं छान की मी भराभर फोटो काढले. घरी येऊन संगणकावर पाहते तर प्रत्येक फोटोत हिरवट ठिपके! एक तर बरोबर तिच्या गालावर. स्टेजवरचे दिवे वरच्या उजव्या कोपऱ्यात होते आणि त्यांचे भुतासारखे पडसाद खालच्या डाव्या बाजूला उमटले होते. तिची आई दुसऱ्या दिवशी फोटो मागायला आली. ती मजुरीला जाते, त्या संध्याकाळी कार्यक्रमाला येऊ शकली नव्हती. माझ्याकडे तिला द्यायला एकही स्वच्छ फोटो नव्हता.

चूक कॅमेऱ्याची नव्हती, त्या स्वस्त काचेची होती. खरं तर माझीच म्हणा, कारण लेन्सपुढे काय लावलं आहे हे मी कधी समजूनच घेतलं नव्हतं. त्यानंतर फिल्टरबद्दल वाचायला लागले आणि वाचता वाचता एका माणसाच्या आयुष्यात शिरले. अमेरिकेचे छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. फोटोग्राफी करणाऱ्यांना हे नाव माहीत असतंच. पण तुम्हाला आणि मला ते माहीत असायला हवं असं वाटण्याचं माझं कारण वेगळं आहे. हा मुलगा शाळेत टिकला नव्हता.

अ‍ॅन्सेलचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. आईवडिलांचं एकुलतं एक मूल. घर समुद्राजवळ, आजूबाजूला वाळूच्या टेकड्या. तो चार वर्षांचा असताना, १८ एप्रिल १९०६ रोजी, त्या शहरात प्रचंड भूकंप झाला. मुख्य धक्क्यातून हे कुटुंब सुखरूप वाचलं, पण काही तासांनी आलेल्या मागच्या धक्क्याने छोटा अ‍ॅन्सेल बागेच्या भिंतीवर आपटला आणि त्याचं नाक मोडलं. ते नाक जन्मभर वाकडंच राहिलं. त्याचे म्हातारपणीचे फोटो पाहा, दाढी, मोठी हॅट आणि ते वाकडं नाक.

पुढच्याच वर्षी आलेल्या आर्थिक मंदीत घरचा लाकडाचा व्यवसाय बुडाला. वडील चार्ल्स अ‍ॅडम्स यांची पुढची कित्येक वर्षं कर्ज फेडण्यात गेली. त्यात हा मुलगा असा, की एका जागी बसायचा नाही. वर्गात लक्ष नाही, सारखी चुळबूळ, वारंवार आजारी, मित्र जवळजवळ नाहीत. एका शाळेत जमलं नाही म्हणून दुसरी, तिथेही नाही म्हणून तिसरी. आपल्यापैकी प्रत्येकाच्या वर्गात असं एक मूल असतं, नाही का? आपण त्याला खिडकीपासून लांब बसवतो. मीही बसवलं आहे.

१९१५ मध्ये वडिलांनी एक निर्णय घेतला. मुलाला शाळेतून काढलं आणि घरी शिकवायला सुरुवात केली. थोडं स्वतः शिकवलं, थोडं मावशीने. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत पनामा कालवा पूर्ण झाल्यानिमित्त मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. वडिलांनी त्याला त्या प्रदर्शनाचा वर्षभराचा पास काढून दिला. पुस्तकाऐवजी रोज प्रदर्शन! यंत्रं बघ, चित्रं बघ, ऑर्गनचं वादन ऐक. जवळपास रोज हा तेरा वर्षांचा मुलगा तिथे जायचा.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. मुलांना शाळेतून काढा, असं मी म्हणत नाहीये, गैरसमज नको. शाळा सुटलेल्या मुलांचं पुढे काय होतं ते आपण रोज बघतो. वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलाला कोणी प्रदर्शनाचा पास देत नाही. अ‍ॅन्सेलच्या वडिलांकडे पैसे कमी होते, पण शिक्षण होतं आणि वेळ काढायची तयारी होती. ते स्वतः हौशी खगोलप्रेमी होते, घरी दुर्बीण होती. आणि त्यांनी मुलाला मोकाटही सोडलं नाही. नंतर एका लहानशा खाजगी शाळेतून त्याने आठवीचा दाखला मिळवला. औपचारिक शिक्षण तेवढंच.

बाराव्या वर्षी त्याने आपला आपण पियानो वाजवायला आणि नोटेशन वाचायला सुरुवात केली. मग शिक्षिका मिळाल्या. मारी बटलर हे त्यांचं नाव. त्या शिस्तीच्या होत्या, सूर अगदी नेमका लागेपर्यंत पुढे जाऊ द्यायच्या नाहीत. जो मुलगा वर्गात दहा मिनिटं बसत नव्हता तो पियानोपुढे तासन्‌तास बसू लागला. पुढची सुमारे बारा वर्षं त्याने पियानोवादकच व्हायचं ठरवलं होतं. फोटो हा फक्त छंद होता.

तो छंद लागला १९१६ च्या जून महिन्यात. आजारी असताना त्याने योसेमिटी या डोंगरदरीबद्दलचं एक पुस्तक वाचलं आणि तिथेच जायचं म्हणून घरच्यांच्या मागे लागला. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेत ही दरी आहे. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे हजारो फुटी सरळ कडे, उंचावरून पडणारे धबधबे. तिथे गेल्यावर आईवडिलांनी त्याच्या हातात कोडॅकचा एक बॉक्स ब्राउनी कॅमेरा दिला. अगदी साधा खोक्यासारखा कॅमेरा. त्यानंतर मरेपर्यंत असं एकही वर्ष गेलं नाही की तो योसेमिटीला गेला नाही.

सुट्टीत शहरातल्या एका फोटो डेव्हलप करणाऱ्याकडे त्याने काम केलं, तिथे अंधारखोली शिकला. पुढे सिएरा क्लब या पर्वतप्रेमींच्या संस्थेच्या योसेमिटीतल्या वास्तूची देखभाल करण्याचं काम मिळालं, ते चार उन्हाळे केलं. दरीत हॅरी बेस्ट नावाच्या चित्रकाराचा स्टुडिओ होता आणि तिथे पियानो होता. अ‍ॅन्सेल सरावासाठी जायचा. पियानोबरोबर त्या चित्रकाराची मुलगी व्हर्जिनिया हिच्याशीही ओळख वाढत गेली आणि १९२८ मध्ये दोघांचं लग्न झालं.

आता ज्या दिवसासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्या दिवसाकडे येऊ. १० एप्रिल १९२७.

योसेमिटीत हाफ डोम नावाचा प्रचंड कडा आहे. घुमटाचा अर्धा भाग सुरीने कापून टाकावा तसा दिसतो. अ‍ॅडम्स, व्हर्जिनिया आणि तीन मित्र सकाळी लवकर निघाले आणि बर्फातून चढत कड्यासमोर दरीवर झुकलेल्या एका खडकापाशी पोहोचले. त्या खडकाला डायव्हिंग बोर्ड म्हणतात. पाठीवर तिवई, लाकडी कॅमेरा, लेन्स, फिल्टर आणि काचेच्या प्लेटा. हो, काचेच्या! त्या काळी अ‍ॅडम्स काचेच्या जड प्लेटवर फोटो घ्यायचे. एक प्लेट म्हणजे एक फोटो. आज आपण मोबाईलवर एकाच मुलाचे चाळीस फोटो काढतो आणि मग एकही नीट बघत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगते. ते बारा प्लेटा घेऊन निघाले होते आणि वाटेत बऱ्याच संपल्या. कड्यासमोर पोहोचले तेव्हा हातात दोनच शिल्लक होत्या.

कडा सकाळी सावलीत असतो. त्यांनी थांबून वाट पाहिली. दुपार झाली, ऊन हळूहळू कड्याच्या तोंडावर सरकू लागलं. त्यांनी लेन्सवर पिवळा फिल्टर लावला आणि पहिली प्लेट वापरली.

पिवळाच का? हे जरा समजून घेऊ. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग नसतो, फक्त उजेड कमी किंवा जास्त. त्या काळच्या प्लेटांवर निळ्या रंगाचा परिणाम फार व्हायचा, त्यामुळे निळं आकाश फोटोत फिकट, जवळजवळ पांढरं यायचं. ढग तर दिसायचेच नाहीत. पिवळी काच निळा प्रकाश थोडा अडवते, म्हणून आकाश जरा गडद होतं. चहाच्या गाळणीसारखंच आहे हे. गाळणी चहात काही घालत नाही, फक्त काहीतरी काढून घेते. फिल्टरही प्रकाशात काही घालत नाही. तो फक्त अडवतो.

पहिला फोटो घेऊन झाला. तांत्रिकदृष्ट्या तो चांगलाच येणार होता. पण प्लेट बदलताना अ‍ॅडम्स यांच्या मनात एक गोष्ट चमकली. आपल्याला हा कडा जसा जाणवतो आहे, भव्य, गंभीर, अंगावर येणारा, तसा तो या फोटोत येणार नाही. फोटोत एक सुबक डोंगर येईल, वर फिकट आकाश. मनात जे आहे ते यायचं असेल तर आकाश जवळजवळ काळं झालं पाहिजे.

त्यांच्याकडे गडद लाल फिल्टर होता. रॅटन कंपनीच्या क्रमांकानुसार २९ नंबर. लाल काच निळा प्रकाश जवळजवळ सगळा अडवते. पण मग आत येणारा उजेडही फार कमी होतो, म्हणून शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. त्या दिवशी सुमारे पाच सेकंद. पाच सेकंद वाऱ्यात, बर्फात, कड्याच्या टोकावर कॅमेरा हलता कामा नये. आणि प्लेट एकच. फसली तर परत सकाळपासूनची चढाई.

त्यांनी लाल फिल्टर लावला आणि शेवटची प्लेट वापरली. संध्याकाळी ती धुतल्यावर आत तसाच कडा होता, जसा त्यांनी मनात पाहिला होता. काळ्याभोर आकाशापुढे उजळलेला दगड. हा फोटो मोनोलिथ, द फेस ऑफ हाफ डोम या नावाने जगभर गाजला. तुम्ही इंटरनेटवर शोधा आणि शक्य असेल तर मुलांना मोठ्या पडद्यावर दाखवा.

फोटो काढण्याआधी तो मनात पूर्ण पाहायचा आणि मग त्यासाठी लागेल तेच साधन निवडायचं, ही रीत त्यांनी त्यानंतर आयुष्यभर पाळली. चित्रकलेच्या तासाला आपण मुलांना आधी डोळे मिटून चित्र बघायला सांगतो, तसंच थोडंफार.

पियानो की कॅमेरा, हा प्रश्न अजून सुटला नव्हता. १९३० मध्ये पॉल स्ट्रँड या छायाचित्रकाराची भेट झाली, त्यांच्या निगेटिव्ह अ‍ॅडम्स यांनी पाहिल्या आणि निर्णय झाला. आईला आणि मावशीला ते फारसं आवडलं नव्हतं. पण पियानो वाया गेला असं समजू नका. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिपी आणि त्यावरून छापलेला फोटो म्हणजे मैफल, असं ते नंतर समजावून सांगत. एकाच निगेटिव्हवरून वेगवेगळ्या वर्षी त्यांनी छापलेले फोटो वेगवेगळे दिसतात ते यामुळेच.

१९३२ मध्ये त्यांनी एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम वगैरे मित्रांबरोबर एफ-६४ नावाचा गट केला. त्या काळी फोटो धूसर, चित्रासारखा करण्याची फॅशन होती. हे लोक म्हणाले की फोटो फोटोसारखाच स्वच्छ असू द्या. नावातला ६४ हा आकडा लेन्सच्या अगदी बारीक छिद्राचा, ज्याने जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट येतं.

१९३७ मध्ये योसेमिटीत त्यांच्या अंधारखोलीला आग लागली आणि हजारो निगेटिव्ह जळाल्या. यावर मी जास्त लिहीत नाही. आपली एखादी टाचणवही हरवली तरी आपला जीव कसा होतो ते आठवा.

त्यांच्या फोटोंचा उपयोग भिंतीवर लावण्यापुरता राहिला नाही हेही सांगायला हवं. सिएरा नेवाडातल्या किंग्ज कॅन्यन या भागाचं राष्ट्रीय उद्यान व्हावं म्हणून ते १९३६ मध्ये फोटो घेऊन वॉशिंग्टनला गेले, लोकप्रतिनिधींना भेटले. पुढे त्याच पर्वतरांगेच्या फोटोंचं पुस्तक काढलं, ते राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोहोचलं आणि १९४० मध्ये उद्यान जाहीर झालं. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना छावण्यांत डांबलं होतं, तेव्हा १९४३ मध्ये मान्झानार इथल्या छावणीत जाऊन त्यांनी तिथल्या माणसांचे, शाळेचे, शेतीचे फोटो घेतले. ते पुस्तकरूपात छापले तेव्हा युद्ध चालूच होतं, त्यामुळे पुष्कळांना ते आवडलं नाही.

आणि हर्नांडेझचा तो चंद्र! न्यू मेक्सिकोमधून गाडीने परतत होते. संध्याकाळ, रस्त्याकडेला लहानसं गाव, स्मशानातल्या पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचं ऊन आणि वर चंद्र उगवलेला. गाडी थांबवून घाईघाईने कॅमेरा मांडला, पिवळा फिल्टर लावला, पण उजेड मोजायचं मीटरच सापडेना! तेव्हा त्यांना चंद्राची तेजस्विता पाठ असल्याचं आठवलं. एका चौरस फुटाला २५० कँडल. त्यावरून मनातल्या मनात हिशोब केला आणि फोटो घेतला. दुसरा घ्यायला प्लेट फिरवेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. आमच्या वर्गात पाढे पाठ कशाला करायचे असं विचारणारा एक मुलगा आहे, त्याला मी ही गोष्ट दोनदा सांगितली आहे. गंमत म्हणजे एवढा काटेकोर माणूस, पण फोटोवर तारीख लिहायचा कंटाळा. हा फोटो कधीचा हे त्यांना नक्की सांगता यायचं नाही. शेवटी खगोल अभ्यासकांनी चंद्राच्या जागेवरून १ नोव्हेंबर १९४१ अशी तारीख शोधून काढली.

शाळेत न टिकलेला हा माणूस पुढे शिक्षक झाला, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कला महाविद्यालयात त्यांनी छायाचित्रणाचा विभाग सुरू केला. १९५५ पासून योसेमिटीत दरवर्षी शिबिरं घेतली. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाच्या पायऱ्या पाडून प्रत्येकीला क्रमांक देण्याची झोन पद्धत त्यांनी फ्रेड आर्चर यांच्याबरोबर शिकवता शिकवताच तयार केली. कॅमेरा, निगेटिव्ह आणि छपाई या तीन विषयांवर तीन पुस्तकं लिहिली. आपल्याला जे अंदाजाने जमतं ते दुसऱ्याला जमावं म्हणून पायरी पायरीने मांडणं, हे काम किती अवघड आहे ते आपल्यापेक्षा कोणाला जास्त कळणार! हातचा घेणं आपल्याला येतं, पण तिसरीतल्या मुलाला समजावून बघा.

१९८० मध्ये त्यांना अमेरिकेचं प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं. २२ एप्रिल १९८४ रोजी ते गेले. १९७७ मध्ये सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीची ओळख म्हणून जी चित्रं पाठवली आहेत त्यांत त्यांनी टिपलेला स्नेक नदीचा फोटो आहे.

आता माझ्या त्या स्वस्त काचेकडे परत येते, कारण तुमच्यापैकी अनेकांनी शाळेसाठी किंवा घरासाठी कॅमेरा घेतला असेल किंवा घेणार असाल.

अ‍ॅडम्स यांचे पिवळे-लाल फिल्टर आणि आपल्याला दुकानात मिळणारा यूव्ही फिल्टर यांत फरक आहे. यूव्ही म्हणजे अतिनील किरण अडवणारा. फिल्मच्या काळात त्याचा खरा उपयोग होता, कारण फिल्मवर अतिनील किरणांचा परिणाम व्हायचा आणि उंच डोंगरावरचे फोटो निळसर, धुरकट यायचे. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरपुढे हे किरण अडवणारी काच आधीच बसवलेली असते. म्हणजे आज यूव्ही फिल्टर घेतला काय किंवा नुसता प्रोटेक्टर लिहिलेला घेतला काय, तो फक्त राखणीला असतो. त्याने प्रकाशातून काहीच काढून घ्यायचं नाही, हीच त्याच्याकडून अपेक्षा. आणि खरी मेख तिथेच आहे. काहीही न करणारी काच बनवणं सोपं नसतं.

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. फिल्टरला दोन पृष्ठभाग, म्हणजे जवळजवळ ८ टक्के. माझ्या फोटोतले हिरवे ठिपके इथूनच आले. दिव्यांचा प्रकाश आत जाऊन सेन्सरवर आपटून परत फिरला, सपाट फिल्टरवर आपटून पुन्हा आत आला आणि उलट्या बाजूला उमटला. काचेवर अनेक थरांचा लेप दिलेला असेल तर हे परावर्तन खूपच कमी होतं. त्याला मल्टी-कोटेड म्हणतात आणि फिल्टरच्या कडेवर तसं लिहिलेलं असतं. घेताना एक साधी परीक्षा करा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फिल्टर तिरका धरा. ट्यूबचं प्रतिबिंब पांढरं, लख्ख दिसलं तर लेप नाही. मंद, हिरवट किंवा जांभळट दिसलं तर लेप आहे. मग फिल्टरमधून लांबची खिडकी बघत तो हळूहळू फिरवा. खिडकीची रेघ वाकडी होऊ लागली तर ती काच नको.

माप लेन्सवरच असतं. गोलाला तिरकी रेघ मारलेलं चिन्ह असतं, त्यापुढे ५२, ५५, ५८ असा मिलिमीटरमधला आकडा असतो. तेवढ्याच मापाचा फिल्टर घ्यायचा. लेन्स खूप रुंद दृश्य घेणारी असेल तर पातळ कडेचा घ्या, नाहीतर फोटोचे कोपरे काळे येतात. आणि एकावर एक दोन फिल्टर कधीच नकोत.

हा राखणीचा फिल्टर नेहमी लावून ठेवावा का? यावर जाणकारांत कायम वाद असतो. माझं मत विचाराल तर मैदानावर, सहलीला, समुद्रावर, लहान मुलांच्या घोळक्यात लावा. मुलांची बोटं लेन्सवर जाणारच, खारी हवा आणि धूळ बसणारच, आणि फिल्टर पुसणं हे लेन्स पुसण्यापेक्षा कमी जोखमीचं आहे. पण रात्रीचा कार्यक्रम, स्टेजवरचे दिवे, समया, दिवाळीच्या पणत्या, समोरून येणारं ऊन असेल तेव्हा काढा. कॅमेरा पडलाच तर फिल्टरपेक्षा लेन्सपुढचं नळकांडं, म्हणजे हूड, धक्का जास्त चांगला झेलतं. शिवाय बाजूचा नको असलेला उजेडही अडवतं. आधी हूड घ्या, मग फिल्टर.

शेवटी वर्गात करता येईल असा एक प्रयोग. स्नेहसंमेलनात दिव्यांवर लावायला आपण रंगीत जिलेटिन पेपर आणतो ना? रॅटनचे जुने फिल्टर खरोखरच जिलेटिनच्या पातळ कापासारखे असत. आज आपल्याला मिळतो तो प्लॅस्टिकचा असतो, पण काम होतं. मोबाईलचा कॅमेरा कृष्णधवल करा. निळं आकाश आणि थोडे ढग असलेल्या दिवशी, सूर्य पाठीशी ठेवून, आधी तसाच फोटो घ्या. मग लेन्सपुढे पिवळा पेपर धरून, मग लाल. मुलांना एकदा नव्हे, तीनदा सांगा की पेपरमधूनसुद्धा सूर्याकडे बघायचं नाही. तिन्ही फोटो शेजारी ठेवले की आकाश गडद होत गेलेलं पहिली-दुसरीच्या मुलांनाही दिसतं.

आम्ही हे पावसाळ्यानंतर शाळेच्या मागच्या टेकडीवर केलं. ती सावित्रीबाई झालेली मुलगी आता तिसरीत आहे. लाल कागद धरायला तीच पुढे आली. टेकडीच्या पार्श्वभूमीवर मी तिचाही फोटो काढला, फिल्टर डबीत ठेवून, आणि छापून तिच्या आईला दिला.